कोटातलं अंग

मारेगावच्या बाजूला कुणाच्याही घरी जा, ओसरीच्या भिंतीवर तुम्हाला एक कोट दिसेल. गडद निळा कोट, आत पांढरा शर्ट, लाल टाय, वरच्या खिशाला पेन. मागे निळं आभाळ आणि पांढरे ढग. चेहरा तेवढा घराघरात वेगळा. ज्या माणसानं जन्मभर धोतर-बंडीशिवाय काही घातलं नाही, तोसुद्धा गेल्यावर भिंतीवर चढतो तो कोट घालूनच. घरच्या बायकांना त्यात काही वावगं वाटत नाही. जिवंतपणी नाही मिळालं, आता तरी मिळू द्या, असं त्या म्हणतात.

हे फोटो करणाऱ्याचं नाव उकंडा. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचा फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या हातून माझ्या मुलाच्या बाबतीत एक मोठी चूक झाली होती. त्या चुकीमुळेच माझा मुलगा घरी आला, म्हणून त्याच्याविषयी लिहायला बसले आहे.

उकंडा मुकुटबनकडचा. बौद्ध घर, वडिलांनी दीक्षा घेतलेली. शाळा अर्ध्यात सुटली तेव्हा तो पूनमसिंग नावाच्या फिरत्या फोटोग्राफरच्या हाताखाली लागला. पूनमसिंग जत्रांतून, बाजारांतून फोटो काढत फिरे. उकंडाचं काम पडदा वाहून न्यायचं. पडद्यावर रंगवलेला बंगला होता, बंगल्यासमोर मोटार आणि वर विमान. पुढे पूनमसिंग थकला, आपल्या गावी निघून गेला, आणि कॅमेरा, पडदा, सगळं उकंडाकडे आलं. मग मारेगावात ही खोली. आत एक स्टूल, आरसा, पावडरचा डबा, कुणी नेऊ नये म्हणून दोरीला बांधलेला कंगवा, आणि खिळ्याला एक काळा चष्मा. तो चष्मा तालुक्यातल्या किती नवरदेवांनी लावला असेल, कोण जाणे.

मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेले ती रजतला घेऊन. रजत माझा मुलगा, तेव्हा बारावीत. परीक्षेच्या अर्जाला फोटो हवा होता. उकंडा त्याची हनुवटी दोन बोटांनी वळवत माझ्याशी बोलत होता.

"वैनी, तुम्ही बी. ए. झाल्या म्हंतात. कायच्यात जी?"

"तत्त्वज्ञानात. यवतमाळला होते कॉलेजात."

"म्हंजे काय राह्यते त्याच्यात?"

"आत्मा काय, शरीर काय, असं."

"आता गं माय! आमच्यात तर आत्मा मानतच नाई."

"मग तुम्ही फोटो कशाचा काढता?" मी गमतीनं विचारलं.

"कापडाचा," तो लगेच म्हणाला. "लोक कपडे घालून येतात, मी कपड्याचा काढतो. डोकं आपलं त्याच्या संगं येते. ए बाबू, मान सरळ धर. फोटो काई चावत नाई."

रजतनं आलेलं हसू ओठ मिटून दाबलं, आणि त्याच क्षणी उकंडानं बटण दाबलं. त्यामुळे त्या पासपोर्ट फोटोत माझ्या मुलाचे ओठ मिटलेले आहेत, पण गालात हसू अडकून राहिलं आहे.

कॉलेजात आमच्या सरांनी ग्रीकांची दोन मतं शिकवली होती. त्यांच्यातले काही म्हणत, शरीर ही आत्म्याची कबर आहे, मरण म्हणजे सुटका. काही म्हणत, असं नाही. डोळ्याला जशी दृष्टी, तसा शरीराला आत्मा. दृष्टी डोळ्यातून उडून दुसरीकडे जाऊन बसत नाही. डोळ्याचं पाहणं, तीच दृष्टी. विसाव्या वर्षी मला पहिलं मत फार आवडायचं, वहीच्या मागच्या पानावर मी पिंजरा आणि पाखरू काढत असे. मूल झाल्यावर ते कधी मागे पडलं, कळलंही नाही. लेकराला न्हाऊ घालताना कुणी सांगितलं असतं की हे खरं तुझं मूल नव्हे, खरं आत आहे, तर मी त्या माणसाला दाराबाहेर काढलं असतं.

बारावीनंतर रजत दोन वर्षं वणीच्या कॉलेजात जात राहिला. ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. गावातली पोरं बोलताना बांधाकडे न बघता रस्त्याकडे बघायची. रजतनं एक दिवस बॅग भरली आणि मित्राबरोबर पुण्याला गेला. तिथे कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात लागला. चार मजली दुकान, आत जिने आपोआप चालतात, असं त्यानं सांगितलं.

पुण्याहून येणाऱ्या पोरांबरोबर तो फोटो पाठवी. तपकिरी जाकिटातला रजत. पांढऱ्या बुटांतला रजत, लाल गाडीला टेकलेला. फोनवर त्याचं बोलणंही बदललं. "आई, इथे माणसाचे आधी बूट बघतात, मग तोंड," म्हणायचा. एकदा म्हणाला, "हा शर्ट शंभर टक्के कॉटन आहे." ह्यांना, म्हणजे सदाशिवरावांना, मी ते सांगितलं तर म्हणाले, "आपल्याच वावरातला असंन. पुण्याले जाऊन सायेब झाला."

मला त्या फोटोंचं काय वाटे ते सांगता येत नसे. मुलगा छान दिसत होता. पण मी प्रत्येक फोटो हातात घेऊन त्याच्यात कुणाला तरी शोधत बसे. कपड्यांवरून नजर घसरत घसरत वर जाई, आणि चेहऱ्यावर पोचेपर्यंत चेहरासुद्धा कपड्याचाच भाग वाटायला लागे. घरी ये म्हटलं की म्हणे, "येतो ना. थोडं नीट होऊ दे." काय नीट व्हायचं होतं? पोळा गेला, दिवाळी गेली, पुन्हा पोळा आला. तो आला नाही.

त्या दुसऱ्या पोळ्यानंतर मी बारावीचा तो पासपोर्ट फोटो पेटीतून काढला आणि एकटीच मारेगावला गेले. म्हटलं, तो मोठा करून घेऊ, माझा मुलगा मला भिंतीवर तरी दिसेल.

मधल्या काळात उकंडाचं काम बदललं होतं. त्यानं कॉम्प्युटर घेतला होता. आता जास्तीत जास्त कामं गेलेल्या माणसांच्या फोटोंची येत. कुणी रेशनकार्डावरचा चेहरा आणे, कुणी लग्नाच्या घोळक्यातला. उकंडा तो चेहरा कापून कोटावर बसवी. त्या दिवसांत, आणि त्यातही आमच्या भागात, लहानसा फोटो पदराखाली धरून एकटी बाई आली, तर ती कशाला आली हे त्याला न विचारता कळे. आणि तो विचारतच नसे. ते त्यानं स्वतःला लावून घेतलेलं वळण होतं. बाईला काही विचारायचं नाही. फोटो घ्यायचा, पाणी द्यायचं.

मी फोटो पुढे केला. "मोठा करून द्या, भिंतीवर लावायचा आहे," एवढं म्हटलं आणि मला रडू आलं. दोन वर्षांचं रडू होतं, दुसऱ्याच्या दुकानात आलं.

उकंडानं स्टूल पुढे सरकवलं. त्याची बायको साधना आतून पाणी घेऊन आली आणि काही न बोलता माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, किती चांगली माणसं. पुढच्या बाजाराच्या दिवशी गेले तेव्हा त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम दोन्ही हातांनी दिली. पैसे घेतले नाहीत. "घरी जाऊन उघडा वैनी," म्हणाला आणि हात जोडले.

मी ओसरीवर बसून कागद सोडला. निळा कोट. लाल टाय. ढग. कोपऱ्यात समईची ज्योत, खाली 'स्मृतिप्रीत्यर्थ'. आणि या सगळ्याच्या वर माझ्या रजतचं गालातलं हसू.

हे वावरातून आले, त्यांनी फ्रेमकडे पाहिलं आणि पायरीवरच बसले. मग म्हणाले, "फोन लाव."

फोन लागला, पण उचलला गेला नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ज्या आईच्या घरात अशी फ्रेम आली आहे आणि मुलगा फोन उचलत नाही, तिचं काय होतं ते मी लिहू शकत नाही. मी शिकलेली आहे, कागदानं काही होत नाही हे मला कळतं. तरी तो फोटो फाडायला हात होईना. फाडू कसा, पोराचा चेहरा आहे. जाळायचा विचार मनात आला आणि मी चुलीपासून लांब झाले. नदीत सोडणं तर त्याहून वाईट. ठेवावा तरी कुठे? धान्याच्या कोठीमागे उलटा ठेवला, तर तिकडे पाठ करून मला भाकरी थापता येईना.

शेवटी फ्रेम पिशवीत घालून पहिल्या गाडीनं मारेगाव गाठलं. उकंडा दुकान झाडत होता. मी फ्रेम त्याच्यापुढे धरली.

"उकंडाभाऊ, माझा मुलगा पुण्याला आहे. नोकरीला आहे."

त्याच्या हातून झाडू पडला. "हाय? पोरगा हाय?"

"हो."

"उकंड्या, काय केलं रे तू हे!" असं म्हणून त्यानं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली आणि फ्रेम ओढून घ्यायला लागला. "आना इकडे, आत्ता फाडतो."

"फाडू नका!" मी ओरडले. "जाळूही नका."

"मंग काय करू वैनी, सांगा!"

साधना चहाचं भांडं तसंच हातात घेऊन बाहेर आली. तिला सगळं समजायला वेळ लागला नाही. "मी म्हनत होती, इचारत जा म्हून," ती नवऱ्याला म्हणाली. "इचाराले काय तोंड दुखते? साऱ्यायले एकाच कोटात कोंबून राह्यला."

उकंडा स्टुलावर बसला. फ्रेम मांडीवर घेऊन पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "वैनी, एक सांगू? घाबरू नका. हे आंग कोनत्या मेलेल्याचं नाई. माहं हाय."

"काय?"

"कोट पूनमसिंग उस्तादचा होता. त्यानं माह्या लग्नात मले घालून फोटो काढलता. कॉम्प्युटर आला तवा मी त्याच्यातलं माहं डोकं काढलं न् आंग ठेवलं. साऱ्या तालुक्यात मीच टांगून हावो, पाहा ना."

साधना हसली, आणि हसताना तिचे डोळे भरले. "माहा नवरदेव साऱ्यायले वाटून टाकला यानं."

मी त्या कोटाकडे पुन्हा पाहिलं. डाव्या हाताची बोटं जराशी मुडपलेली होती, घाबरलेल्या तरुण नवरदेवाची. इतक्या घरांत पाहूनही ती मला कधी दिसली नव्हती.

"आता ऐका," उकंडा म्हणाला. "मी असं काई मानत नाई. आमच्या घरात दीक्षा झाली तवाच हे सारं सुटलं. पन माही माय मनातून मानत होती. माह्या आंधीचे तीन लेकरं गेलते. मी झालो तसं तिनं मले उकिरड्यावर टाकलं. शेजारनीनं उचललं, मायनं सूपभर कोंडा देऊन तिच्यापासून इकत घेतलं. म्हून उकंडा. ज्याची किंमत कोंड्याएवढी, त्याले मरन कायले उचलंन?"

"म्हणजे रजतचा फोटो..."

"उकिरड्यावर ठेवू. फाडाचा नाई, जाळाचा नाई. साधना उचलंन, तुम्ही इकत घ्या."

"दीक्षेच्या घरात हे?" साधना म्हणाली.

"तू उचल न् चूप राह्य."

मग आम्ही तिघं दुकानाच्या मागे गेलो. शेणाचा, राखेचा, भाजीच्या देठांचा ढीग होता. उकंडानं फ्रेममधून फोटो काढून त्यावर ठेवला. साधनानं उचलला आणि पदरानं पुसून छातीशी धरला. "कोनाचं लेकरू हाय हे?" ती मोठ्यानं म्हणाली. "मले सापडलं. माहं हाय." तिला हे सगळं कसं ठाऊक होतं? सासूनं सांगितलं असणार. मला द्यायला कोंडा नव्हता. तिनंच पिठाच्या चाळणीतला कोंडा सुपात घालून माझ्या हातात दिला. "उसना घ्या," म्हणाली. तो तिच्याच ओटीत टाकून मी माझा मुलगा विकत घेतला. एक कोंबडी आमच्याकडे पाहत होती. मला इतकं हसू आलं की रडण्यासारखा आवाज निघाला.

उकंडानं कात्री आणली, मानेच्या रेषेवर हात थांबवून म्हणाला, "आता कापू? आता तो तुमचा हाय." मी मान हलवली. कोट, ढग, ज्योत त्यानं ढिगावरच सोडले आणि चेहरा माझ्या तळहातावर ठेवला.

तिथूनच, त्याच्या दुकानातल्या फोनवरून, पुन्हा रजतला लावला. त्यानं उचलला.

"हॅलो, कोण?"

"रजत."

"आई? हा कुठला नंबर? मी ड्युटीवर आहे, रात्री बोलू?"

"फोन का उचलत नव्हतास?"

"अगं, हँडसेटची रिंगच बिघडली होती. काय झालं?"

सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण सांगून टाकलं. "उकंडाभाऊंनी तुझा फोटो मोठा केला. कोटातला. ढगातला."

आमच्याकडच्या पोराला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पलीकडे दुकानातलं गाणं ऐकू येत होतं. मग तो हसला. "मी मेलो का मग?" आणि थोड्या वेळानं, "कोट कसा दिसत होता मले?"

पुण्याला गेल्यापासून तो 'मला' म्हणायचा.

"नाही शोभला," मी म्हटलं. "अंग तुझं नव्हतं ते."

पलीकडचं गाणं लांब गेलं, तो चालत कुठेतरी बाजूला गेला असावा.

"आई, ते तपकिरी जाकिट हाय ना, तेबी माहं नाई."

"मग कुणाचं?"

"दुकानाचं. ट्रायल रूममध्ये घालतो, फोटो काढतो न् हँगरले लावून देतो. बूटबी तसेच. गाडी पार्किंगमधली. माह्याकडे दुकानाचा युनिफॉर्म हाय न् दोन शर्ट."

"मग घरी का येत नाहीस, बाळा?"

"काय घालून येऊ?"

उकंडा शेजारी उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो फोनवर वाकून ओरडला, "नुसतं आंग घेऊन ये म्हना बाबू! कपडे हायेत इथं!"

रजत आला तेव्हा वावरात वेचणी चालू होती. त्या दोन शर्टांपैकी एक अंगात होता, कॉलर विरलेली. मी दारातच त्याचे दंड दाबून पाहिले, मनगटं पाहिली, मानेवरचा तीळ पाहिला. "गाय इकत घेऊन राह्यली का?" हे म्हणाले. म्हणू देत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो उकंडाला भेटायला गेला, मीही गेले. रजतला कपड्यांतलं कळतं. कॉम्प्युटरवरचा कोट पाहून म्हणाला, "काका, ही कॉलर आता कोणी घालत नाही. खांदे पाहा, किती ढगळ. नवीन अंग घ्या ना. मी उभा राहतो, काढा माझा." आणि तो खरंच पडद्यासमोर जाऊन उभा राहिला, दुकानातल्या पुतळ्यासारखा, एक हात खिशात.

उकंडा इतक्या जोरात उठला की स्टूल पडलं. त्यानं रजतच्या दंडाला धरून त्याला पडद्यापासून बाजूला ओढलं.

"तिथं नाई उभं राहाचं."

"काहून?"

"माहं आंग चांगलं हाय अजून. खूप लोकायले पुरंन ते." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मले उकिरड्यावरून आनलं बाबू. मले चालते. तू लांब राह्य."

एरवी प्रत्येक गोष्टीवर गंमत करणारा तो माणूस तेव्हा हसत नव्हता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मरणाखाली आपलं धड देताना त्याला काय वाटत असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि त्या दिवशीही विचारवलं नाही. साधनानं चहा आणला. रजतनं तो उभ्यानंच प्यायला, आणि उकंडाचा हात त्याच्या दंडावरच होता.

आठवडाभर राहून रजत परत गेला. वावरात त्याच्यासाठी काय होतं? मी अडवलं नाही. आता त्याच दुकानात दुसऱ्या मजल्यावर आहे. फोटो पाठवत नाही, मीच नको म्हटलं. रविवारी फोन करतो, आणि बोलताना 'मले' म्हणतो.

फोटो नको म्हटलं खरं, पण त्याचा चेहरा आठवायला बसलं की चेहरा येतच नाही. येतं ते भलतंच. वावरातून आल्यावर एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाची टाच न्हाणीच्या दगडावर घासत, भिंतीला हात टेकून, अर्धा वाकलेला, पाण्यासाठी मला हाक मारणारा. ते घासणं मला ऐकूसुद्धा येतं. त्याला पुण्यात टाच घासायला दगड मिळत असेल का, हा विचार डोक्यात शिरला की झोप लागत नाही.

आज रविवार होता. फोन आला नाही. हे म्हणाले, "झोप आता. सेल लागला असंन दुकानात."

लागला असेल.